साहेबाचा पोवाडा आणि मावळची झील

मुंबईकराने मावळ पाहिलेले असते, पण आपण मावळ पाहिले हे त्याला ठाऊक नसते. खंडाळ्याचा घाट चढताना तो खिडकीशी बसतो, बोगदा आला की पोरांबरोबर ओरडतो, पावसाळा असला तर धबधबे मोजतो आणि लोणावळ्याला उतरून चिक्कीचे पुडे घेतो. परतल्यावर शेजाऱ्यांना सांगतो, ‘दोन दिवस लोणावळ्याला होतो. हवा काय छान!’ मावळ हा शब्द त्याच्या लेखी शाळेच्या इतिहासाच्या पुस्तकात राहून गेलेला असतो. त्या पुस्तकातले कंबर कसलेले मावळे आणि आपण जिला छान म्हणालो ती हवा, यांचा काही संबंध असेल असे त्याच्या मनातही येत नाही.

घाटमाथ्याला लागून असलेला, पुण्याच्या मावळतीकडचा हा मुलूख; म्हणून तो मावळ. एकेका नदीचे खोरे म्हणजे एकेक मावळ, अशी बारा मावळे पूर्वी मोजीत. आजच्या मावळ तालुक्यात त्यांपैकी आंदर मावळ, नाणे मावळ आणि पवन मावळ ही तीन येतात. तालुक्याचे ठाणे वडगाव, आणि सर्वांत नावाजलेले गाव अर्थातच लोणावळे. खोरे अरुंद, भाताची खाचरे लहान आणि पाऊस मात्र असा की छत्रीने हात टेकावेत. पाऊस उघडून भात पिवळे पडू लागले की मावळासारखा देखणा मुलूख महाराष्ट्रात दुसरा नाही, असे माझे मत आहे. कोकणातल्या वाचकांनी रागावू नये.

गेल्या आश्विनात दसरा उलटल्यावर मी या मुलखात चार दिवस काढले, ते मात्र हवेसाठी नव्हे. एका इंग्रजाच्या कवितेसाठी.

हॅरी आर्बथनॉट अॅकवर्थ हे त्या इंग्रजाचे नाव. मुंबईच्या मंडळींना ते अगदीच परके नसावे, कारण वडाळ्याला कुष्ठरोग्यांचे जे रुग्णालय आहे ते त्याच्याच नावाचे. मुलकी नोकरीतला हा अधिकारी मुंबईचा म्युनिसिपल कमिशनर झाला, आणि रस्तोरस्ती फिरणाऱ्या निराधार महारोग्यांसाठी त्याने १८९० मध्ये माटुंग्याला आसरा उभा केला. पण या साहेबाला दुसराही एक नाद होता. तो आपले पोवाडे गोळा करीत असे. शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्याबरोबर त्याने १८९१ मध्ये इतिहासप्रसिद्ध स्त्रीपुरुषांच्या पोवाड्यांचा संग्रह मराठीत छापून काढला. मग १८९४ मध्ये त्यांतल्या निवडक पोवाड्यांना इंग्रजी पद्याचा पोशाख चढवून ‘बॅलड्स ऑफ द मराठाज’ हे पुस्तक लंडनहून प्रसिद्ध केले. अफझलखानाचा वध त्यात आहे, सिंहगड आहे. मराठ्यांचे जगणे आणि मराठ्यांचे राजकारण, असे एका परक्याने पद्यात सांगितलेले.

ही गाणी ज्या माणसांची, त्या मावळ्यांच्या डोंगरात बसून ती इंग्रजीत वाचावी; मग साहेब खरा वाटतो की खोटा हे आपोआप कळेल, असा माझा बेत होता. सौभाग्यवतींनी तो ऐकून घेतला आणि विचारले, ‘तिथे चढ किती आहे?’ मी म्हणालो, ‘बेताचा.’ त्यांनी कॅनव्हासचे बूट बाहेर काढले. माझ्या बोलण्यावर त्यांचा किती विश्वास आहे हे यावरून दिसेल.

बरोबर भाचाही आला. भाचा इंग्रजी साहित्य घेऊन एम. ए. झालेला, आणि सध्या चीनवर परक्यांनी लिहिलेल्या कवितेत बुडालेला. घाट चढता चढता त्याने मला एझ्रा पाउंड ऐकवला. हा अमेरिकन कवी. १९१५ मध्ये त्याने ‘कॅथे’ नावाचे छोटेसे पुस्तक काढले. जुन्या चिनी कवितांची इंग्रजी रूपे. फेनोलोसा नावाचा एक अमेरिकन पंडित जपानात राहून चिनी कवितेवर टिपणे काढीत असे. तो वारल्यावर त्याची टिपणे पाउंडच्या हाती आली आणि त्यांवरून हे पुस्तक झाले.

‘म्हणजे पाउंडला चिनी येत होतं?’ मी विचारले.

‘तेव्हा नव्हतं येत.’

‘चीनला जाऊन आला होता?’

‘जन्मात गेला नाही.’

‘आणि पुस्तक?’

‘पुस्तक सुंदर आहे, मामा. इंग्रजी कवितेला त्याने वळण लावलं. मी तेच म्हणतोय. कवितेला प्रवासाचं तिकीट लागत नाही.’

पण पुढे तोच पाउंड १९४० मध्ये चिनी बादशहांचा सबंध इतिहास पद्यात सांगू लागला. तोही एका फ्रेंच जेझुइटाच्या जाडजूड ग्रंथावरून, इटलीत बसून. तेव्हा त्याच्या डोक्यात मुसोलिनीचे वेड भरलेले होते. चीनचे चांगले राजे आणि वाईट राजे त्याला आपल्याच काळच्या भांडणात साक्षीदार म्हणून हवे होते. हे भाच्यानेच सांगितले आणि तो जरासा गप्प झाला. चीनमधल्या ज्या शेतकऱ्याच्या सुखदुःखावर हे राजे चांगले की वाईट ठरायचे, त्याला कुणी विचारले नव्हते.

पहिल्या दिवशी कार्ल्याला गेलो. लेणी वेहेरगावच्या डोंगरात. वाटेवर एकवीरेच्या हारांची आणि पेढ्यांची दुकाने. आई एकवीरा ही कोळ्यांची कुलस्वामिनी; नवरात्र संपले होते तरी समुद्राकडची माणसे पालखीच्या गोष्टी बोलत चढतच होती. देवीला नमस्कार करून आम्ही चैत्यगृहात शिरलो. १२४ फूट लांबीचे हे दालन डोंगर पोखरून काढले त्याला दोन हजार वर्षे झाली. छताला लाकडाच्या कमानी आहेत, त्याही त्या वेळच्याच. घरात पाच वर्षांपूर्वी केलेल्या कपाटाचे दार आमच्याकडे आता लागत नाही. त्या सुतारांना माझे दंडवत.

पण मी गेलो होतो ते खांब पाहायला. या खांबांवर दात्यांची नावे कोरलेली आहेत, आणि त्यांत धेनुकाकट गावच्या यवनांची नावे एकदोन नव्हे, बरीच आहेत. यवन म्हणजे परके, पश्चिमेकडून आलेले. व्यापारी असावेत, कारण घाटाखालच्या बंदरांतून वर येणारी वाट इथूनच जात होती. या परक्यांनी आपल्या दानाचा लेख कोणत्या भाषेत कोरवला? आपल्या नव्हे, इथल्या. प्राकृत भाषा आणि ब्राह्मी लिपी. इतकेच नव्हे, तर नावेसुद्धा काहींची इथल्यासारखी झालेली. खांब दिला तो इथल्या छपराला, आणि त्यावर नाव घातले ते इथल्या माणसाला वाचता येईल असे.

‘परका असा असावा,’ मी म्हणालो.

भाचा म्हणाला, ‘पण मामा, तो व्यापारी होता, कवी नव्हता. आणि लिहिणाऱ्या परक्याचंच बोलायचं तर आपल्यावर चिन्यांनी आधी लिहिलंय, आपण त्यांच्यावर नव्हे.’

ते खरेच होते. ६४१ च्या सुमारास युआन श्वांग हा चिनी भिक्षू महाराष्ट्रात आला, तेव्हा इथे दुसऱ्या पुलकेशीचे राज्य होते. या भिक्षूने आपल्या लोकांचे जे वर्णन करून ठेवले आहे ते अजून प्रत्येक इतिहासकार काढून दाखवतो. इथली माणसे मानी आहेत. उपकाराची फेड करतात आणि अपमानाचा सूड घेतात. कुणी संकटात हाक मारली तर स्वतःला विसरून धावतात. आणि सूड घ्यायचा झाला तर शत्रूला आधी सूचना देतात. लढाई हरलेल्या सेनापतीला बायकी वस्त्रे देतात, मग तो लाजेने प्राण देतो. हत्तींना दारू पाजून रणात सोडतात. हे सारे त्या चिनी साधूने लिहिले.

सौभाग्यवती खांबाला टेकून ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, ‘चांगलंच लिहिलंय की. मग परका असला म्हणून काय झालं?’

यावर मी काय बोलणार? परक्याने स्तुती केली की तो द्रष्टा, आणि खोड काढली की तो परका. हा आपला जुनाच न्याय आहे. २०२५ च्या जुलैमध्ये युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेतले. त्यांत मावळातला लोहगड आहे. त्या आठवड्यात लोहगडाविषयी जेवढे लोक बोलले, तेवढे त्याआधी कधी बोलले नसतील. गड तोच, दरवाजे तेच, बुरूज तेच. फक्त पॅरिसहून कागद आला होता.

दुसऱ्या दिवशी लोणावळ्याहून लोकलने मळवलीला उतरलो. भाज्यातून वर चढले की लोहगड आणि विसापूर यांच्यामधली गायमुख खिंड लागते आणि तिच्यापलीकडे लोहगडवाडी. सोनकीची पिवळी फुले अजून होती. एका बाजूला इंद्रायणीचे खोरे, दुसऱ्या बाजूला पवनेचे, आणि मधे हा लोहगड आपली विंचूकाट्याची सोंड पसरून बसलेला. शिवाजी महाराजांनी तो १६४८ मध्ये घेतला, १६६५ मध्ये पुरंदरच्या तहात मोगलांना द्यावा लागला आणि १६७० मध्ये परत घेतला. त्याच वर्षी फेब्रुवारीत तिकडे सिंहगडावर तानाजी पडला होता. हे दोन्ही गड एकाच वर्षी, त्याच डोंगरी माणसांनी घेतले. सिंहगडाचे गाणे झाले आणि लोहगडाचे झाले नाही, एवढेच.

वाडीतल्या एका घराच्या ओट्यावर ताक मिळते अशी पाटी होती. ओट्यावर सत्तरीच्या पुढचे एक बाबा बसले होते. डोक्याला पटका, हातात सुपारीचा अडकित्ता. ‘बसा की पाव्हणं. सावली हाय,’ ते म्हणाले. बसलो. ताक आले, त्यात जिरे आणि मिरची होती. मी पिशवीतून पुस्तक काढले. ही जागा मला साहेबाची परीक्षा घ्यायला योग्य वाटली.

‘कसलं बुक म्हणायचं?’

‘तानाजीचा पोवाडा आहे, बाबा. एका इंग्रज साहेबाने इंग्रजीत केलेला.’

‘साहेबानं? तानाजीचा?’ बाबांनी अडकित्ता खाली ठेवला. ‘वाचा बघू.’

तुळशीदास शाहिराचा तो पोवाडा. जिजाबाई प्रतापगडावर केस विंचरीत बसली आहे आणि तिला दूर कोंढाणा दिसतो. ती राजगडाहून शिवाजीराजांना बोलावून घेते, सोंगट्यांचा डाव मांडते, डाव जिंकते आणि पैजेत कोंढाणा मागते. इकडे तानाजीच्या घरी रायबाचे लग्न. मग शेलारमामा, यशवंती घोरपड, उदेभान आणि त्याचा चंद्रावळी हत्ती. इतिहासाच्या पंडितांनी यातल्या कितीतरी गोष्टींवर काट मारली आहे. पण लग्न बाजूला ठेवून निघालेला तो माणूस महाराष्ट्राच्या मनात बसला तो याच पोवाड्याने.

मी आधी साहेबाचे इंग्रजी वाचायचो, मग त्याचा अर्थ मराठीत सांगायचो. इंग्रजी वाचताना खरे सांगायचे तर मजा येत होती. ओळी कशा आखीव, यमक कसे चोख. विलायतेच्या शाळकरी मुलाने शेकोटीशी बसून पाठ करावे असे ते पद्य. तुळशीदासाची ओळ एवढी शिस्तीची नाही. ती मधेच धावते, मधेच थांबते, मधेच गद्यात बोलते. शाहिराला डफावर हात मारायचा असतो, तुणतुण्याला पुढे येऊ द्यायचे असते, ऐकणाऱ्यांची मान हलते की नाही ते पाहायचे असते. साहेबाच्या पद्यात ती धाव नाही. तिथे घोडे कवायतीच्या चालीने चालतात. तरी गोष्ट सुटलेली नाही. शेलारमामा साहेबाच्या हातूनही म्हातारा आणि तिखटच उतरला आहे.

बाबा डोळे मिटून ऐकत होते. मला वाटले, डुलकी लागली. मी थांबलो तसे त्यांनी डोळे उघडले.

‘झ्याक लिवलंय,’ ते म्हणाले. ‘पर झील कुनी धरली?’

‘म्हणजे?’

‘अवो, शाहीर एकला गात न्हाई. मागं दोघं तिघं लागत्यात. ते जी जी म्हनत्यात तवर शाहिराला दम खाता येतो. आन् ऐकनाऱ्याला बी उमगतं की ह्यो एकलाच बोलत न्हाई, ह्येच्या मागं चार मानसं हायेत. साहेबाच्या मागं कोन हुतं?’

भाचा एकदम सावरून बसला. चार वर्षे त्याने पोथ्या चाळल्या होत्या, आणि त्याच्या सबंध विषयाचा प्रश्न एका ताकवाल्या बाबांनी अर्ध्या ओळीत विचारला होता. परक्याने आपल्यावर गाणे लिहावे की लिहू नये, ही गोष्ट मग दुय्यम होते. लिहीना का! पण त्याच्या मागे झील धरायला कोण आहे? ज्यांचे गाणे, त्यांतले कुणी आहे की नाही?

या प्रश्नाचे उत्तर माझ्याजवळ होते, पण ते मी तिसऱ्या दिवशी, विसापूरवर पोचेपर्यंत मनातच ठेवले.

विसापूर हा लोहगडाचा शेजारी. त्याच्याहून उंच आणि पसरट. लोहगडाच्या दरवाजांची माळ अजून शाबूत आहे. गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा. एकातून दुसऱ्यात शिरताना माणूस आपोआप सरळ चालू लागतो. विसापूरला दरवाजा नाही. म्हणजे होते, दोन होते. ४ मार्च १८१८ रोजी कर्नल प्रॉथरच्या फौजेने विसापूर घेतला. ते पाहून लोहगडची शिबंदी गड सोडून गेली, आणि लागोपाठ राजमाचीही पडली. मग इंग्रजांनी विसापूरचे दरवाजे सुरुंग लावून उडवले. पुन्हा कुणी आत बसून लढू नये म्हणून. आज वर चढताना पायाखाली येतात ते दगड काही पावसाने पाडलेले नाहीत.

त्या दगडांवर बसून आम्ही डबा खाल्ला. सौभाग्यवतींनी दशम्या केल्या होत्या. भाचा खालच्या खोऱ्याकडे पाहत होता. थोड्या वेळाने तो म्हणाला, ‘मामा, १८१८ मध्ये यांनी दरवाजे उडवले, आणि १८९१ मध्ये यांचाच अधिकारी पोवाडे गोळा करतो. त्र्याहत्तर वर्षांत भीती संपली, म्हणून प्रेम सुरू झालं. वाघ मेल्यावर त्याचं कातडं दिवाणखान्यात टांगतात, तसं हे नाही का?’

भाच्याचे म्हणणे मी टाळू शकत नव्हतो. ज्या राज्याने विसापूर फोडला, त्याच राज्याचा पगार अॅकवर्थ घेत होता. मावळ्यांचे वंशज तेव्हा हत्यारे टाकून सावकाराच्या वह्यांत अडकले होते. आणि लढाईचे गाणे ऐकून साहेबाला आनंद वाटत होता, कारण आता ती लढाई व्हायची नव्हती. हे सारे खरे. पण मी म्हणालो, ‘वाघाचं कातडं शिकाऱ्याच्या घरी जातं. इथे तसं झालं नाही. वर्ष बघ. मराठी पुस्तक आधी, १८९१. इंग्रजी नंतर, १८९४. त्याने आपला माल विलायतेला नेण्याआधी इथे जसाच्या तसा छापून ठेवला. आणि त्या मराठी पुस्तकावर दुसरं नाव कुणाचं आहे?’

‘शाळिग्राम.’

‘बाबांना सांगायला हवं होतं. झील शाळिग्रामांनी धरली.’

शंकर तुकाराम शाळिग्राम हे नाव आज किती घरांत ठाऊक असेल? साहेबाच्या नावाचे रुग्णालय तरी उभे आहे. पोवाड्याची भाषा, शाहिरांचे शब्द, गावोगावची नावे ही ज्याच्या कानाला घरची, असा माणूस शेजारी असल्यावाचून ते पुस्तक झाले नसते. शाळिग्रामांनी पुढेही शाहिरी कविता छापण्याचे काम चालू ठेवले. मग १९२८ मध्ये यशवंत नरसिंह केळकरांनी ‘ऐतिहासिक पोवाडे’ या नावाने आणखी मोठा संग्रह सुरू केला. अॅकवर्थच्या आधी, १८६९ मध्ये, जोतीराव फुल्यांनी शिवाजीराजांवर स्वतःच पोवाडा रचून छापला होता. आणि त्याही मागे अज्ञानदास. अफझलखानाचा पोवाडा त्याचा. तो ऐकून त्याला घोडा आणि सोन्याचा तोडा बक्षीस मिळाला अशी परंपरा आहे. अज्ञानदासापासून केळकरांपर्यंत ही एक लांब रांग आहे, आणि साहेब त्या रांगेत मधे येऊन उभा राहिला. रांग त्याने सुरू केली नाही, हे त्याच्या चाहत्यांनी विसरू नये. आणि रांगेत त्याने आपला खांदा दिला, हे आपण विसरू नये. कार्ल्याच्या यवनांनी खांब दिला होता तसाच हा एक खांब, इथल्या लिपीत कोरलेला.

रात्री लोणावळ्याच्या मुक्कामी भाच्याने पुन्हा चीन काढला, पण आता त्याचा सूर बदलला होता. १९३८ मध्ये, जपानने चीनवर स्वारी केली असताना, ऑडन हा इंग्रज कवी इशरवुड या लेखकमित्राबरोबर चीनला गेला. काही महिने दोघांनी आघाडी पाहिली, परत आले आणि १९३९ मध्ये पुस्तक काढले. गद्य मित्राचे, सुनीते ऑडनची. भाच्याच्या मते त्या युद्धावर इंग्रजीत त्याहून चांगली कविता नाही. ऑडन पाउंडसारखा घरी बसला नाही. जाऊन पाहून आला.

‘आणि त्याच वर्षी,’ सौभाग्यवती म्हणाल्या, ‘आपले कोटणीस गेले नव्हते का?’

आम्ही दोघेही त्यांच्याकडे पाहत राहिलो. १९३८ मध्येच पाच भारतीय डॉक्टरांचे पथक चीनला गेले होते. त्यांत सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस होते आणि नागपूरचे चोळकरही होते. बाकीचे काही काळाने परतले, कोटणीस राहिले. चिनी भाषा शिकले, आठव्या सैन्याबरोबर डोंगरातून हिंडले, तिथल्याच परिचारिकेशी लग्न केले, आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी वयाच्या बत्तिसाव्या वर्षी तिथेच वारले. व्ही. शांतारामांनी १९४६ मध्ये त्यांच्यावर बोलपट काढला. चीनमध्ये त्यांची समाधी आहे आणि लोक अजून तिच्यावर फुले वाहतात. त्यांनी चीनवर काव्य रचल्याचे मी कधी ऐकले नाही. काही माणसे दुसऱ्याच्या मुलखात गाणे म्हणायला जातात आणि काही झील धरायला. इतिहासात पहिल्यांची पुस्तके राहतात. दुसऱ्यांची समाधी राहते.

चौथ्या दिवशी वडगावला उतरलो. इथे जे पाहिले ते मी मुद्दाम शेवटी ठेवले आहे.

१७७८ च्या अखेरीस राघोबादादांना गादीवर बसवण्यासाठी मुंबईकर इंग्रज बोरघाट चढून आले. खोऱ्याखोऱ्यांतून मराठे त्यांना कुरतडत राहिले. रसद तोडली, गावे रिकामी केली. ४ जानेवारी १७७९ रोजी कार्ल्याला कॅप्टन स्टुअर्ट मराठ्यांच्या तोफेला बळी पडला. इंग्रज तळेगावापर्यंत पोचले खरे, पण तिथे धीर सुटला. तोफा तलावात टाकून ते रात्रीचे माघारी फिरले आणि वडगावला वेढले गेले. महादजी शिंद्यांपुढे त्यांना तह करावा लागला. इंग्रजांना मान खाली घालायला लावणारे असे तह फार नाहीत. त्यांतला एक या लहानशा गावात झाला.

पण त्या तहाइतकीच वडगावची आणखी एक गोष्ट मला मोलाची वाटते. तो जो स्टुअर्ट, तो पराक्रमी होता. आघाडीवर राहून लढत होता. मराठ्यांनी त्याला मारले आणि त्याला नाव दिले: इष्टुर फाकडा. स्टुअर्टचा इष्टुर झाला, आणि फाकडा ही पदवी. त्या काळी मानाजी शिंदे, कोन्हेरराव एकबोटे असल्या बहाद्दरांना फाकडे म्हणत. त्यांच्याच पंगतीला या शत्रूचे पान मांडले. सरकारी कचेऱ्यांच्या आवारात त्याची समाधी आहे. अडीचशे वर्षे होत आली, गावाने ती जपली आहे. राज्य गेले, इंग्रज आले, तेही गेले. कुणी ती पाडली नाही.

त्या समाधीपुढे उभे राहिल्यावर मला मावळचा स्वभाव समजला असे वाटले. अॅकवर्थने मराठ्यांच्या शौर्याला आपल्या भाषेत नाव दिले, त्याच्या शंभराहून अधिक वर्षे आधी मराठ्यांनी एका इंग्रजाच्या शौर्याला आपल्या भाषेत नाव दिले होते. हा हिशेब बरोबरीचा आहे. त्यात कुणी कुणाचा मिंधा नाही. आणि तरी विसापूरचे दगड विसापूरवर आहेत, तेही खरे. ते उचलून कुणी या हिशेबात घालू नये आणि त्यातून काढूही नये.

स्टेशनवर आलो तेव्हा पुण्याच्या लोकलला वेळ होता. उन्हे उतरली होती. भाच्याने माझ्या पिशवीतून इंग्रजी पुस्तक न काढता मराठी पोवाड्याची पाने काढली आणि अज्ञानदास मोठ्याने म्हणू लागला. चाल त्याला येत नव्हती. त्याने आपलीच एक लावली. पहिल्या चौकाच्या शेवटी त्याला दम लागला. तेवढ्यात बाकावरून सौभाग्यवतींनी, पायांतले बूट सैल करता करता, अगदी गंभीरपणे ‘जी जी’ म्हटले. शेजारी दप्तरे घेऊन उभी असलेली दोन शाळकरी मुले खुदकन हसली. आणि दुसऱ्या चौकाला त्यांनीही झील धरली.